गुंगीतलं खरं

वामननाना बोलायला लागले की माणसं झोपत. एकदा धुळे-जळगाव एसटीत ते शेजारच्याला कांद्याचं रोप कसं लावायचं ते सांगत होते. मुकटी येईस्तोवर अर्धी गाडी पेंगली. पारोळ्याला कंडक्टरने घंटीची दोरी हातात धरली आणि उभ्याउभ्याच घोरायला लागला. गाडी जळगावात पोचली ती ड्रायव्हर एका कानाने ठार बहिरा होता म्हणून, आणि नाना नेमके त्याच बाजूला बसले होते. मी स्वतः त्या गाडीत होतो. एरंडोल कधी मागे पडलं ते मला आजही माहीत नाही.

हसत हसत सुरुवात करतोय, कारण ही गोष्ट कुठे जाऊन थांबते ते मला ठाऊक आहे. तिथे लवकर पोचायची मला अजिबात घाई नाही.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. जळगावच्या आमच्या डॉक्टरांनी परदेशातून पोटात घालायची दुर्बीण आणली. काळी, लांब, बोटाएवढी जाड नळी. एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला डॉक्टरांचा डोळा. मी त्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसायचो. ती नळी पाहून माणसं नुसती घाबरत नसत, पळत असत. असोद्याचा एक तगडा केळीवाला टेबलावरून उठला तो दवाखान्याच्या हिरव्या झग्यातच स्टँडवर गेला, असोद्याच्या गाडीत बसला आणि घरी जाऊन जेवला. झगा आम्हाला आठवड्याने परत मिळाला, धुऊन, घडी घालून, वर दोन फण्या केळी ठेवून. तेव्हा डॉक्टर म्हणाले, हे असं चालायचं नाही, झोपवणारा माणूस पाहिजे. आणि त्यांनी धुळ्याहून वामननानांना बोलावून घेतलं.

नाना धुळ्याच्या एका मोठ्या दवाखान्यात वीस वर्षं भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली होते. बुटका माणूस, कान मात्र सुपाएवढे, अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा. चपला दाराबाहेर काढून खोलीत शिरायचे, देवळात शिरल्यासारखे. त्या काळी प्रमाणपत्र कोणी विचारत नव्हतं. डॉक्टर तोंडाने मात्रा सांगायचे, नाना हाताने ठरवायचे.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी सगळ्या नातेवाइकांना खोलीबाहेर काढायचं. मग पेशंटच्या कानाशी जाऊन विचारायचं, "दारू?" आमच्याकडे माणूस बायकोसमोर एक उत्तर देतो, बापासमोर दुसरं आणि सासऱ्यासमोर तर त्याला दारू म्हणजे काय तेच माहीत नसतं. पण पिणाऱ्याला गुंगीचं औषध चढत नाही. चढलं तरी टिकत नाही. म्हणून खोली रिकामी केल्याशिवाय नाना सुईला हात लावत नसत. मग घशात कडू फवारा, दंडाच्या शिरेत सुई, आणि औषध असं सावकाश सोडायचं की जणू निरांजनात तूप घालतायत. सोडता सोडता विचारायचं, "तुमच्या वावरात शिरायचं कुठून?"

"बांधावरून."

"मग डाव्या हाताला काय?"

"निंब."

"चला. निंबाखालून पुढं चला. विहीर किती लांब?"

विहिरीपर्यंत कोणी पोचत नसे. मी दहा वर्षांत एकच माणूस विहिरीवर पोचलेला पाहिला, आणि तो महसूल खात्यातला सर्कल होता, वावरं मोजायची त्याला सवयच होती.

आत्ता असतात तशी बोटाला लावायची यंत्रं नव्हती. नाना सरकीपासून सुटा केलेला कापसाचा एक तंतू पेशंटच्या वरच्या ओठाला चिकटवायचे. तंतू हलतोय म्हणजे श्वास चालू. तीन बोटं जबड्याखाली, एक डोळा नखांच्या रंगावर, दुसरा त्या तंतूवर. रावेरकडच्या एका केळीच्या व्यापाऱ्याचा तंतू एकदा थांबला. डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. नानांनी जबडा वर उचलला, दोन थपडा दिल्या, काही नाही. मग ते व्यापाऱ्याच्या कानात ओरडले, "शेठ, केळीची वॅगन सुटली!" शेठजींनी असा श्वास घेतला की तंतूच आत ओढला गेला. तो पुढे दुर्बिणीत दिसला असं डॉक्टर सांगायचे. मी नाही सांगत.

आता खिडकीवरचं सांगतो. कारण खरं दुखणं तिथे होतं.

डॉक्टर दुर्बिणीत बघताना गुणगुणायचे. अल्सर असला, सूज असली, तरी गुणगुणणं चालू. गुणगुणणं थांबलं की बाहेर मला कळायचं. आणि माझ्या आधी नातेवाइकांना कळायचं. खिडकीच्या गजातून हात आत यायचा, मनगट धरायचा. "भाऊ, जे असंल ते आम्हाला सांगा. पेशंटला सांगू नका." प्रत्येक जातीचा, प्रत्येक गावचा, वरणगावच्या फॅक्टरीतला शिकलेला फोरमन असो की पाल-यावलकडचा अंगठेबहाद्दर, वाक्य हेच. डॉक्टर ते पाळायचे. पेशंट उठला की त्याला सांगायचे, जखम आहे, गोळ्या घ्या, तिखट कमी करा. आणि ज्याच्या अन्ननळीत मुठीएवढी गाठ आहे असा माणूस तिखट कमी करत, सगळ्यांकडे बघून हसत घरी जायचा.

एकदा सहीचा कागद घेऊन मी आतल्या खोलीत गेलो. तपासणी झाली की पेशंटला तासभर तिथे निजवून ठेवत. पहूरची एक म्हातारी कुशीवर पडली होती. नाना ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसत होते आणि कानाशी वाकून, अगदी त्याच कांद्याच्या रोपाच्या आवाजात सांगत होते, "आजी, जखम नाही. गाठ आहे. वाईट गाठ आहे. फार दिवस नाहीत. पोरांनी तुला सांगायचं नाही म्हटलं, म्हणून मी सांगतोय."

म्हातारीने डोळे न उघडता म्हटलं, "मंग म्हैस मोठ्या सूनले द्या." आणि घोरायला लागली. तासाने उठली, चहा मागितला, आणि लेकाला म्हणाली, "काय निंघालं रे? जखमच ना?"

"नाना," मी त्यांना बाहेर ओढलं, "हे काय चाललंय?"

"काही नाही रे थापाड्या. तिला काही आठवणार नाही. हे औषध सगळं पुसून टाकतं."

"मग सांगायचं कशाला?"

नानांनी फडकं पिळलं. "मरण तिचं आहे. वावर तिचं आणि हद्दीच्या खुणेचा दगड बाकीच्यांनी खिशात घालून फिरायचं? एकदा तरी मालकाच्या कानावर घालावं. मग विसरू दे."

ती म्हातारी अन्ननळी रुंद करून घ्यायला आणखी दोनदा आली. नानांनी दोन्ही वेळा सांगितलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "म्हैस धाकटीले द्या, मोठी लबाड हाय." तिसऱ्यांदा म्हणाली, "इकून टाका मेलीले." तिन्ही वेळा तिने पहिल्यांदाच ऐकलं, आणि तिन्ही वेळा तिला म्हशीचीच काळजी. आम्ही दोघं यावर खूप हसलो. हसता हसता नाना एकदम म्हणाले, "आमच्या हिने मला रोज संध्याकाळी विचारलं. अकरा महिने. मी रोज सांगितलं, बरी होशील." बायकोबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एवढंच.

असं किती जणांना त्यांनी सांगितलं, मोजलं नाही. सगळे विसरले. नानांची बाजूही राहिली आणि खिडकीवरची विनंतीही राहिली. मला वाटायचं, सबंध दवाखान्यात हा एकटाच माणूस सुटला.

मग एकनाथ आला.

पारोळ्याच्या पलीकडच्या एका गावचा, चाळिशीचा, उंच, गळ्याखाली घास उतरत नव्हता म्हणून नुसता दूधभाकरीचा काला पिऊन राहिलेला. बरोबर थोरला भाऊ, दादा. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. नाना अहिराणी बोलणारे. पारोळ्याकडचा माणूस दिसला की त्यांचं धुळं जागं व्हायचं. त्यांनी दादाला बाहेर जायला सांगितलं. एकनाथने भावाचा हात धरला तो सोडेना. लहान पोरासारखा. "दादाले राहू द्या ना."

आपल्या बोलीतला माणूस. भावाभावाचं असं प्रेम. नानांनी दादाला राहू दिलं. एवढंच चुकलं. हात धरलेल्या त्या भावासमोर त्यांनी विचारलं, "दारू?"

"नही," एकनाथ म्हणाला.

"आमना घरमा थेंब नही," दादा म्हणाले.

बांध, चिंच, पाट करत एकनाथ विहिरीच्या अलीकडे झोपला. डॉक्टरांचं गुणगुणणं थांबलं. मग दादा खिडकीशी आले. मनगट, गज, तेच वाक्य. डॉक्टर त्यांना म्हणाले, गाठ अजून लहान दिसते, मुंबईला न्या, तिथे किरणांचे शेक देतात, काही जण निभावतात. दादा म्हणाले, "मुंबईचं नाव काढलं की तो समजी जाई. नको."

हे कानावर पडल्यावर आतल्या खोलीत नाना फडक्याने तोंड पुसत एकनाथला सगळं सांगत होते. गाठ आहे. मुंबईला गेलं तर आशा आहे. दादा नको म्हणतायत. एकनाथच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी आलं. नानांना वाटलं, फवाऱ्याने येतं तसं आलं असेल. त्यांनी तेही पुसलं.

पंधरा दिवसांनी एकनाथ परत आला. दादा चहाला गेल्याबरोबर तो सरळ आतल्या खोलीत शिरला. नाना सुया उकळत होते. मी केसपेपर घेऊन दारात.

"नाना," तो म्हणाला, "माले बठ्ठं, सगळं याद शे."

सुयांच्या डब्याचं झाकण नानांच्या हातात राहिलं.

"मी दारू पेस, नाना. दहा वरीस झायात. रोज. दादाना समोर कसं सांगू? त्यासना जीव जाई." मग त्याने सदऱ्याच्या आतून एक पिशवी काढली. त्यात दोन कपडे, टॉवेल, आणि खूप घड्या घातलेला एक कागद होता. मुंबईतल्या कोणा गाववाल्याचा पत्ता. "मी दादाले न सांगता जास. आजच. स्टेशनवर गाडी शे. फक्त तुम्ही एकदा सांगा. तुम्हीन जे सांगं ते खरं शे ना?"

ते डोळे उघडे होते. मी दारातून नानांच्या बाजूला सरकलो होतो, मला दिसले ते डोळे. इतक्या वर्षांत नानांनी कोणाला हे उघड्या डोळ्यांत बघून सांगितलं नव्हतं.

नाना हसले. त्यांचा तो आवाज सुरू झाला. "अरे वेड्या, मी काय सांगणार? गुंगीत माणसाला काय काय ऐकू येतं. सपन पडनं तुले."

"सपन?"

"मग काय. विचार ना यांना." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

आता हे मी का केलं ते मला विचारू नका. मला कोणी विचारलं की माझ्या तोंडातून गोष्ट निघते. मी म्हणालो, "हो तर! मागच्या महिन्यात भुसावळचा एक गार्ड होता, त्याला गुंगीत वाटलं, आपल्यावरून मालगाडी गेली. उठला तर पायच हलवीना. म्हणे तुटलेत. बायकोने चिमटा काढला तेव्हा कळलं, जाग्यावर आहेत. आणि एक मास्तर होते, त्यांना वाटलं, आपलं दुसरं लग्न झालंय. घरी जाऊन नवी बायको शोधत होते." असा कोणी गार्ड नव्हता. मास्तरही नव्हता.

एकनाथ आधी माझ्याकडे, मग नानांकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा सुटला, असा उजळला, की तसा चेहरा मी पुन्हा कोणाचा पाहिला नाही. तो हसायला लागला. हसता हसता खोकला. "मी येडा," म्हणाला, "पंधरा दिन झोपनू नही." त्याने तो पत्त्याचा कागद चुरगळला, आमच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, पिशवी तिथेच सोडली, आणि दादा आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर गेला.

नाना सुया उकळत राहिले. पाणी संपलं, डबा करपला, वास सुटला, तरी उकळत राहिले.

"नाना, जाऊन सांगा," मी म्हणालो. "अजून स्टँडवर असतील."

"हो," नाना म्हणाले. आणि चपला घालायला दारापर्यंत गेले. चपलांकडे बघत उभे राहिले. परत आले.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, पुढच्या तपासणीला येईल तेव्हा सांगतो. तो आला नाही. गोळ्यांनी बरं वाटतंय असा निरोप आला. मग म्हणाले, पोस्टकार्ड टाकतो. कार्ड आणलं. ते टेबलावर महिनाभर कोरं पडलं होतं. कोणीतरी त्यावर चहाचा कप ठेवला, गोल डाग पडला, मग ते पाठवण्यासारखं राहिलं नाही. मी नवं आणून दिलं नाही. पावसाळा उलटला आणि दादा एकटेच आले. डोक्यावरचे केस काढलेले.

ते खिडकीवर थांबले नाहीत. आत जाऊन त्यांनी नानांचे पाय धरले. "तुमना मुळे त्याले शेवटपर्यंत काही समजनं नही. हसत गया मना भाऊ. तुम्हीन त्याले काय सांगं देव जाने, पन तठून उना आणि चार महिने गाणा म्हणत फिरना." नाना पाय मागे घेत गेले, भिंतीला टेकेपर्यंत.

त्यानंतर नानांनी पेशंटला वावरातून न्यायचं सोडलं. सुई, औषध, तंतू. बस. माणसं टेबलावर रडत, हात झाडत, डॉक्टर चिडत, मात्रा वाढवत. आतल्या खोलीतही नाना कोणाच्या कानाशी वाकले नाहीत. फडकं पेशंटच्याच हातात द्यायचे. जेवणाचा डबा उघडायचा, बंद करायचा. एक दिवस मला म्हणाले, "थापाड्या, गुरुवारी सुट्टी काढ. पारोळ्याकडे जायचंय."

गेलो. गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत आणि मला पहिल्यांदाच त्या रस्त्यावरची सगळी गावं दिसली. एकनाथच्या घरी दादांनी अंगणात खाट टाकली, वर धुतलेली गोधडी. शेजारची चार माणसं बोलावली. "हाईच तो देवमाणूस," म्हणाले. एकनाथची बायको चहा घेऊन आली आणि नानांच्या हातात कप देऊन दाराच्या चौकटीशी उभी राहिली.

नानांनी कप हातात धरूनच सांगितलं. सगळं. गाठ, मुंबई, पिशवी, पत्ता. "त्याला सगळं आठवत होतं. त्याने मला विचारलं. मी खोटं बोललो." आवाज त्यांचा नव्हताच. फाटका होता, त्याने कोणी झोपलं नसतं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

दादांनी माळ हातात घेतली. चारी माणसं जमिनीकडे बघायला लागली. मग दादा हळूच म्हणाले, "जाऊ द्या नाना. मुंबई नको म्हननारा मीच ना."

पण एकनाथची बायको पुढे आली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "त्या जावाले तयार व्हतात?"

"हो," नाना म्हणाले.

"पिशवी भरेल व्हती?"

"हो."

"कपडा कोनता व्हतात?"

नानांना आठवेना. मला आठवत होतं. एक निळ्या रेघांचा सदरा आणि एक पायजमा. मी सांगितलं.

"तो सदरा मी आजून शोधस," ती म्हणाली. एवढंच. मग तिने नानांच्या हातातून कप काढून घेतला. भरलेला, तोंड न लावलेला. अंगणाच्या कडेला गेली, चहा मातीत ओतला, कप विसळला आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. आमच्या खानदेशात वैऱ्याच्याही हातातला चहा कोणी परत घेत नाही.

परतीची गाडी पाचची होती. मी म्हणालो, "नाना, उठा." ते उठले नाहीत. दादा म्हणाले, "राहू द्या थोडं." मी पुन्हा म्हणालो. गाडीने फाट्यावर हॉर्न दिला, आणि मी, मला घरी जायचं होतं, गेलो. खिडकीतून वळून पाहिलं. अंगणातली माणसं पांगली होती. दादाही आत गेले होते. नाना खाटेवर तसेच बसले होते, बंद दाराकडे तोंड करून, आणि उजव्या हाताची बोटं अजून कप धरल्यासारखी वाकलेली होती.